लेकराचा धीर

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तामसी येथे श्रावणातील प्रवचनमाला चालू होती. एका सायंकाळी प्रवचन आटोपल्यावर एक आजी नातीचा हात धरून पुढे आल्या. पोरीला सात वर्षे पुरी व्हायची होती. महिनाभर तिला ताप येत-जात होता. पायाची हाडे दुखतात म्हणून ती रात्री उठून रडत असे. कोठे आपटल्याचे आठवत नसता अंगावर निळे डाग उमटत. आदिलाबादेत रक्त तपासले, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाचा संशय सांगितला आणि उशीर न करता मोठ्या ठिकाणी न्या म्हणून बजावले. दुसऱ्याच दिवशी नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईस निघायचे होते. निघण्यापूर्वी आशीर्वाद घ्यावा, एवढ्यासाठी ती मंडळी आली होती.

आजींनी नमस्कार केला आणि विचारले, "अप्पा, ह्या लेकरानं कोणाचं काय वाईट केलं होतं? कोणाचं पाप हिच्या वाट्याला आलं?"

आम्ही आजींना उत्तर दिले. प्रारब्ध, संचित, शरणांनी कर्मवादाला दिलेले वळण, असे बरेच काही बोललो. शास्त्राचे अध्ययन केलेल्या माणसाची ही खोडच असते. प्रश्न आला की त्यास ग्रंथच आठवतो. ती पोर मात्र मंडपाच्या खांबाला धरून सारे ऐकत उभी होती, याचे भान आम्हांस राहिले नाही. पुढे तिच्या आईकडून कळले की, मुंबईस गेल्यावर पंधरा दिवस ती रोज रात्री एकच विचारीत होती, "मी दादाला दगड मारला होता, म्हणून झालं का हे?"

आमच्या लांबलचक उत्तरातून तिने 'पाप' एवढा एकच शब्द उचलला होता. प्रस्तुत लेख लिहिण्याचे मूळ तेथे आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. आपले रक्त हाडांच्या आतील मज्जेत तयार होते. तेथे कोट्यवधी पेशी अहोरात्र विभागत असतात. या विभागणीत एखाद्या अपक्व पांढऱ्या पेशीच्या जनुकांत आपोआप बिघाड होतो. ती पक्व होत नाही, मरतही नाही, नुसती वाढत जाते. तिच्या संततीने मज्जा भरून गेली की इतर पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या म्हणून लेकरू पांढरे पडते. रक्त गोठविणाऱ्या पेशी घटल्या म्हणून निळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येते. रक्षण करणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून ताप हटत नाही. मज्जा दाटून आल्याने हाडे ठणकतात. याला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असे नाव आहे. बालकांना होणाऱ्या कर्करोगांत याचेच प्रमाण सर्वांत अधिक असून दोन ते पाच वर्षांच्या वयात तो विशेष आढळतो. बहुतेक मुलांत त्याचे कोणतेही बाह्य कारण सापडत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले, बापाने कोणाचे देणे बुडविले, कोणाची दृष्ट लागली, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. तो स्पर्शाने लागत नाही, उष्ट्याने लागत नाही, एका अंथरुणात निजल्याने लागत नाही. कर्माचा विचार प्रौढ माणसाने स्वतःच्या आचरणाच्या शुद्धीसाठी अवश्य करावा. परंतु आजारी लेकराच्या उशाशी तो कोणीही उच्चारू नये, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे. आम्ही तो उच्चारला, ही आमची चूक होती.

लहान मुलांना काही कळत नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्यांना फार कळते. मायरा ब्लुबाँड-लँगनर नावाच्या विदुषींनी अमेरिकेतील एका रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये दीर्घकाळ राहून निरीक्षण केले आणि १९७८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती मुले तीन ते नऊ वर्षांची होती. आईबापांनी आणि वैद्यांनी त्यांना रोगाविषयी काही सांगितले नव्हते. तरी औषधांची नावे, कोणत्या सुईनंतर काय होते, कोणता मुलगा घरी गेला आणि कोणता परत आला नाही, हे सारे त्यांना ठाऊक होते. एकमेकांत ती त्याविषयी बोलतही. पण आई आली की गप्प बसत. आपण जाणतो असे कळले तर आई रडेल, म्हणून न जाणल्याचे सोंग ती करीत. आई मुलासाठी सोंग करते, मूल आईसाठी सोंग करते, आणि दोघे एका खाटेवर बसून एकेकटे राहतात. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

आपल्या घरांत हेच घडत नाही काय? दाराआड कुजबुज, लेकरू आले की विषय बदलणे, नातेवाइकांनी येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत डोळे पुसणे. त्या लेकराला आपल्या मुद्रेवरून आपला रोग वाचता येतो.

आता आमची दुसरी चूक सांगतो. उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आम्ही मुंबईस गेलो. त्या दिवशी पोरीला पाठीच्या कण्यातून औषध द्यायचे होते. ती आमच्याकडे पाहून म्हणाली, "अप्पा, दुखेल का?" आम्ही चटकन बोलून गेलो, "काही दुखणार नाही गं, बाळ." आत नेले, सुई दिली, परत आणले. मग तिने भिंतीकडे तोंड केले ते सायंकाळपर्यंत आमच्याकडे वळविले नाही. आईला एवढेच म्हणाली, "अप्पा खोटं बोलले."

बसवण्णांच्या सप्तसूत्री वचनात तिसरे सूत्र असत्यवर्जनाचे आहे. त्यावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील, याची गणती नाही. लेकराला धीर देण्यासाठी बोललेले खोटे या सूत्रातून वगळले आहे, असे कोठे लिहिलेले नाही. ती सूट आपणच घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याजवळ बसून चूक कबूल केली. तिने लगेच परीक्षा घेतली. "पुढच्या मंगळवारची सुई दुखेल?" आम्ही म्हणालो, "दुखेल. थोडा वेळ दुखेल, मग थांबेल. मी बाहेर बसतो." ती म्हणाली, "बाहेर नको. दिसाल असं बसा." पुढच्या मंगळवारी ती रडली, ओरडली, पण हात-पाय झाडले नाहीत. परिचारिका म्हणाल्या की आज पहिल्यांदाच धरून ठेवावे लागले नाही.

खरे सांगावे म्हणजे सगळे एकदम ओतावे असे नव्हे. लेकरू विचारील तेवढे, त्याच्या भाषेत, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून. दुखण्याचे मापही त्यालाच विचारावे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी यासाठी सहा चेहऱ्यांचे एक चित्र तयार केले. पहिला चेहरा हसरा, शेवटचा अश्रू ढाळणारा. ज्या मुलाला 'ठणका', 'कळ', 'टोचणे' यांतला भेद सांगता येत नाही ते बोट ठेवून आपले दुखणे दाखविते. आता अनेक ठिकाणी हे चित्र भिंतीवर लावलेले दिसते. तसेच निवडीचे. 'सुई घ्यायची का' हे विचारू नये, कारण 'नको' म्हटले तरी ती द्यावीच लागते आणि विचारणारा खोटा ठरतो. 'उजवा हात की डावा', 'आईच्या मांडीवर की खाटेवर', हे विचारावे. ज्याच्या देहावर दिवसभर परक्यांची सत्ता चालते त्याला एवढी सत्ता तरी हवी.

त्या सुईत काय होते, हेही सांगण्याजोगे आहे. पाठीच्या कण्यातून देतात ते औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या कुळाचा इतिहास आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या अभिमानाचा आहे. भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे दोन भाऊ तरुणपणी संग्रहणीसारख्या विकाराने एका आठवड्याच्या अंतराने गेले. सुब्बाराव वैद्यक शिकून अमेरिकेस गेले आणि लेडरली या औषधनिर्मात्या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. भावांना झालेल्या विकारावरच ते उपयोगी होते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले की हे आम्ल दिल्याने रक्ताचा कर्करोग उलट बळावतो. मग त्यांनी विचार केला की त्याच्या विरुद्ध काम करणारे द्रव्य दिले तर? ते द्रव्यही सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेने पुरविले. जून १९४८ मध्ये फार्बरांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. सोळा मुलांना औषध दिले, दहांना उतार पडला. तो उतार काही महिनेच टिकला, तरी तोवर या रोगात एकाही औषधाने असा उतार दिसला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. आज जगभर जी मुले यातून उठतात त्यांच्यामागे भीमावरमचा हा माणूस उभा आहे, आणि आपल्या शाळांत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

शिरेतून देतात ते व्हिंक्रिस्टीन. हे कशापासून निघते, ठाऊक आहे? सदाफुलीपासून. आपल्या अंगणात, विहिरीच्या कडेला, उकिरड्यावरसुद्धा उगवणारी, पूजेच्या परडीत रोज येणारी ती सदाफुली. मधुमेहावर तिची पाने खातात असे ऐकून शास्त्रज्ञांनी ती तपासावयास घेतली. साखर काही उतरेना, पण पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. १९६०च्या दशकात हे औषध वापरात आले. येथे एक सावधानतेची सूचना देणे अवश्य आहे. या लेखाचा आधार घेऊन कोणीही सदाफुलीची पाने चावू नयेत वा काढा करू नये. शेकडो किलो पानांतून अत्यल्प औषध निघते, आणि त्याच पानांत विषारी द्रव्येही असतात. फूल पूजेला वाहावे, औषध रुग्णालयातच घ्यावे.

फार्बरांच्याच रुग्णालयातील एका मुलाची हकीकत येथे आठवते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील शेतकरी घरातील बारा वर्षांचा आयनार गुस्टाफसन पोटातील कर्करोगासाठी बोस्टनला आला. मे १९४८ मध्ये 'जिमी' या टोपणनावाने त्याचे बोलणे आकाशवाणीवरून देशभर ऐकविले गेले. त्याच्या आवडत्या चेंडूफळीच्या संघातील खेळाडू त्याच्या खोलीत आले, सर्वांनी मिळून गाणे म्हटले. त्यातून मुलांच्या कर्करोगासाठी मोठा निधी उभा राहिला. पुढे जिमी वारला असावा असे लोकांनी धरले. तो मात्र घरी परतून मोठा झाला, मालमोटार चालवू लागला, लेकीबाळींचा बाप झाला, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ साली, 'तो मीच' म्हणून पुढे आला. २००१ मध्ये पासष्टाव्या वर्षी तो निवर्तला. त्या प्रसिद्धीपेक्षा मधली पन्नास वर्षे आम्हांस अधिक मोलाची वाटतात. आजारातून उठलेल्या मुलाला साधे जगू द्यावे. त्याला आयुष्यभर चमत्कार म्हणून मिरवू नये.

लेकराचे बळ येते कोठून? मिनेसोटा विद्यापीठातील ॲन मास्टन यांनी संकटांतून तग धरून उठलेल्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००१ साली त्यांनी लिहिले की, या बळात असाधारण असे काही नाही. जवळ एक तरी स्थिर, प्रेमळ माणूस, दिवसाचा नेम, शिकण्याची संधी, सवंगडी, आपल्याला काही करता येते ही जाणीव, एवढ्या साध्या गोष्टींतून ते घडते. या गोष्टी तुटल्या की तेच मूल कोसळते. म्हणजे धीर मुलाच्या एकट्याच्या छातीत नसतो. तो भोवतालच्या माणसांच्या वागण्यात असतो. 'आमचा बाळ फार शूर आहे' म्हणून कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शूर म्हटले की त्याला रडण्याची चोरी होते.

मुंबईत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानेच गेल्या होत्या, त्या दुःखातून हे कार्य उभे राहिले. दूरच्या गावांतून येणाऱ्या कुटुंबांनी राहावे कोठे, हा तेथील मोठा प्रश्न. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येकांचा आसरा झाली आहे. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने केवळ कर्करोगी मुले आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी विनामूल्य निवास उभारले. तेथील स्वयंपाकघर पाहण्यासारखे असते. एकाच दालनात प्रत्येक कुटुंबाची शेगडी वेगळी, फळी वेगळी. एकीकडे ज्वारीची भाकरी, शेजारी बिहारच्या बाईचे सत्तू, पलीकडे बंगालची मासळीशिवायची भाजी, कारण शेजारी माळकरी आहेत. दासोहाचे तत्त्व तेथे कोणी उच्चारीत नाही, पण तवा मागितला तर लगेच मिळतो. आपली पोर दोन महिन्यांत हिंदी शिकली. नव्याने आलेल्या मुलाला ती सांगे, केस गळतात पण परत येतात, लाल औषधानंतर लघवी लाल होते, भिऊ नको. हे सांगणारी दुसरी सात वर्षांची मुलगी असली की जो धीर येतो तो वैद्याच्या बोलण्याने येत नाही.

तिने आणखी एक केले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दवाखान्याच्या प्रत्येक दिवशी आईची एक टिकली चिकटवायची. पाठीतली सुई असेल तर मोठी टिकली. परदेशांतील काही रुग्णालयांत मुलांना प्रत्येक उपचाराचा एक मणी देऊन माळ ओवून देतात; तिला हे कोणी सांगितलेले नव्हते. वर्षअखेरीस ते पान-पान टिकल्यांचे झाले होते. आल्यागेल्याला ती ते मोजून दाखवी.

पहिला महिना सर्वांत कठीण असतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा फुगतो, स्वभाव चिडका होतो, भूक अनावर होते. ही पोर रात्री दोन वाजता पिठले-भाकरी मागे आणि उशीर झाला तर ताट भिरकावी. आई रडे, 'माझी लेक अशी नव्हती.' ती लेक तशी नव्हतीच, ते औषध होते. गोळ्या थांबताच स्वभाव परतला. हे अगोदर सांगितले असते तर त्या माउलीचे कितीतरी अश्रू वाचले असते.

पण खरा धोका पहिल्या महिन्यानंतर येतो, आणि तो रोगाकडून येतो त्याहून अधिक आपल्याकडून येतो. महिनाभरात मज्जा तपासली तर बहुतेक मुलांत रोगाच्या पेशी दिसत नाहीत. पुढे काही महिन्यांत केस उगवतात, गालावर रंग येतो, पोरगे अंगणात धावू लागते. मग आजोबा म्हणतात, बरे झाले की आता, कशाला लेकराचे हाल? इकडे कापूस वेचायला आलेला असतो, सावकार दारात असतो, धाकटे मूल आजीजवळ झुरत असते. आणि जाणे थांबते. पण तेव्हाही रोगाच्या पेशी न दिसण्याइतक्या थोड्या होऊन दडलेल्या असतात. त्यांचा पूर्ण निःपात व्हायला दोन ते तीन वर्षांचा उपचार लागतो. शेवटच्या दीर्घ टप्प्यात बहुतांश रोजच्या गोळ्या असतात, घरीच घ्यायच्या. वीस गोळ्यांत एकाहून अधिक चुकत गेल्या तर रोग परतण्याचा धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. परतलेला रोग पहिल्याहून हट्टी असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. सधन देशांत त्यांतील शेकडा ८० हून अधिक बरी होतात, गरीब देशांत ३० हूनही कमी. दोन्हीकडे रोग तेच, औषधेही पुष्कळशी तीच. उशिरा ओळखणे, औषध न मिळणे, आणि मध्येच सोडणे, यांत ती तफावत आहे. २०१८ साली या संघटनेने २०३० पर्यंत जगभर निदान शेकडा ६० मुले वाचावीत असा संकल्प सोडला. हे अशक्य नाही. टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास शेकडा वीसच्या आसपास मुलांचे उपचार नाकारले वा अर्धवट सोडले जात. पैसा, निवास, अन्न, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबाला दूरध्वनी करणे, एवढ्या व्यवस्थेने ते प्रमाण पुढील सहा-सात वर्षांत पाचाच्या जवळ आले. नवे औषध सापडले नव्हते, कोणीतरी फोन करून विचारले होते, "काल का नाही आलात?" आपल्या भागातून हैदराबादही जवळ आहे, तेथे १९५५ पासूनचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय आहे, आणि शिधापत्रिका असलेल्यांना आरोग्यश्री योजनेचा आधार मिळतो. तोंड पांढरे, निळे डाग, न हटणारा ताप, हाडांची कळ, पोटात वा मानेत गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चकाकी, यांतले काही दिसले तर मुहूर्त पाहत बसू नये. शरणांनी मुहूर्ताचे बंधन तोडून आठशे वर्षे लोटली.

मठाकडे वळूनही काही सांगणे भाग आहे, आणि ते काहींना रुचणार नाही. औषधांनी या मुलांच्या पांढऱ्या पेशी फार उतरतात, तेव्हा साधा जंतूही जिवावर बेततो. अशा वेळी त्यांना यात्रेच्या गर्दीत, महाप्रसादाच्या पंगतीत, कपिलधारेच्या पालखीत आणू नये. पादोदक, चिरून ठेवलेली फळे, उघड्यावरचा प्रसाद देऊ नये. ताजे शिजविलेले, गरम अन्न आणि उकळलेले पाणी द्यावे. घरात कोणास कांजिण्या झाल्या तर तत्काळ रुग्णालयास कळवावे. आणि ताप आला तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी गाडी काढून रुग्णालय गाठावे. दर्शन राहिले म्हणून कोणी खंत करू नये. ते लेकरू मठात येऊ शकत नसेल तर आम्ही त्याच्या दाराशी जाऊ, हात धुऊन, तोंडाला पट्टी बांधून.

दुर्लक्षित राहतो तो भाऊ. ज्याला दगड मारला होता तो दहा वर्षांचा दादा आठ महिने आजीजवळ होता. त्याला कोणी काही सांगितले नाही. त्याने शाळेत बोलणे सोडले. आपण बहिणीला ढकलले म्हणून तिचे रक्त बिघडले, असे त्यालाही वाटत होते. एकाच घरात दोन लेकरे एकाच भ्रमाने एकमेकांपासून शेकडो कोसांवर जळत होती.

शाळेत परतल्यावर अडचण आलीच. केस नुकतेच उगवत होते. एका पालकाने आपल्या मुलाला तिच्याशेजारी बसवू नका म्हणून सांगितले. मराठी माध्यमाची छोटी शाळा, गुरुजी एकटेच. पण त्यांनी वर्गात सरळ सांगितले की रोग काय आहे, तो लागत नाही, सर्दी-खोकला असेल तर तुम्हीच तिच्यापासून दूर बसा, कारण तुमच्यापासून तिला धोका आहे. मुलांना ते लगेच पटले. मोठ्यांना पटायला दिवाळी उजाडली.

आणखी एक लिहिल्याविना लेखणी ठेववत नाही. वेळेवर उपचार होऊन, एक गोळी न चुकता, आईबापांनी सर्वस्व वेचूनही काही मुले जातात. त्या पोरीच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा गेला. तोच तिला पत्त्यांचा झब्बू शिकवीत असे. 'कर्करोगाशी लढाई जिंकली' अशा बातम्या आपण वाचतो, पण मग जो गेला तो काय हरला? त्याचा धीर उणा होता? मुळीच नाही. जाण्याच्या दोन दिवस आधी त्याने आपल्या रंगपेट्या तिला दिल्या होत्या. अशा घरी सांत्वनास गेल्यावर 'देवाची इच्छा' एवढे बोलून उठू नये. बसावे. त्या मुलाचे नाव घ्यावे, तो काय खेळत असे ते विचारावे. आईला बोलायचे असते, आपणच ऐकायला घाबरतो.

ती पोर आता उपचाराच्या अखेरच्या महिन्यांत आहे. तपासण्या नीट येत आहेत. उपचार संपल्यावरही अनेक वर्षे तपासणीस जावे लागेल, हे घरच्यांना माहीत आहे. यंदाच्या श्रावणात तिचे वडील प्रवचनास येतात, ती घरी असते. साडेआठला तिची गोळी असते, आणि ती आपण स्वतःच्या हाताने द्यायची असा वडिलांचा नेम आहे. विषय कितीही रंगात आलेला असो, ते मधूनच उठतात, नमस्कार करतात आणि चपला घालून निघतात. पहिल्या दिवशी मंडळींनी वळून पाहिले. आता कोणी पाहत नाही. ते उठले की साडेआठ झाले, हे आम्हांसही कळते.